यरुशलेमचा कठडा आणि यरुशलेमचा पडदा

1871 साली फ्रेंच संशोधक शार्ल क्लेर्मों-गानो यांना यरुशलेममध्ये एक शिलालेख सापडला. ग्रीक भाषेतील अवघ्या सात ओळी. आशय असा : मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत कोणाही परकीयाने पाऊल टाकू नये, जो सापडेल, त्याच्या मृत्यूस तो स्वतःच जबाबदार राहील. हा दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मनुष्याला देवाच्या सान्निध्यात थेट प्रवेश आहे, हा ख्रिस्ती धर्माचा दावा किती धाडसाचा होता, हे कळण्यासाठी आरंभ या दगडापासून करावा लागतो.

हेरोद राजाने इ.स.पू. 20च्या सुमारास नव्याने बांधावयास घेतलेल्या या मंदिराची रचना माणसांना टप्प्याटप्प्याने मागे ठेवणारी होती. बाहेरच्या प्रांगणात कोणीही यावे. कठड्याच्या आत केवळ यहुदी. स्त्रिया एका प्रांगणापर्यंत, पुरुष त्याच्या पुढच्या, याजक आणखी पुढे. आणि सर्वांत आत, पडद्यामागे, परमपवित्रस्थान. तेथे एकटा मुख्य याजक जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी.

आत होते काय? हेरोदाच्या आधीच्या मंदिरात, इ.स.पू. 63 मध्ये, रोमन सेनापती पॉम्पी विजयाच्या बळावर थेट या गाभाऱ्यात शिरला होता. तेथे देवाची मूर्ती नव्हती. गाभारा रिकामा होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. पडद्यामुळे सामान्य यहुद्याला देवाशी बोलताच येत नसे, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. स्तोत्रसंहिता एकेकट्या माणसांनी देवाला घातलेल्या आर्त सादांनी भरलेली आहे. प्रार्थनेला आडकाठी नव्हती. ती होती त्या स्थानाजवळ जाण्याला.

येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला, असे मत्तय, मार्क आणि लूक या तिघांची शुभवर्तमाने सांगतात. 'वरपासून खालपर्यंत' हा तपशील पहिल्या दोघांचा. मनुष्याने फाडला असता तर तो खालून फाटला असता, हे त्यातून सुचवायचे असावे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने पुढचे पाऊल टाकले : पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह, आणि त्यातून आता कोणीही निर्भयपणे आत जावे. मुख्य याजकाचा एका दिवसाचा अधिकार सर्वांचा, सर्वकाळचा झाला.

कठडा मात्र दगडाचा होता, आणि अजून उभा होता. इफिसच्या त्रफिम नावाच्या परकीयाला पौलाने आत नेले, अशा निव्वळ संशयावरून मंदिरात दंगल उसळली, जमाव पौलाच्या जिवावर उठला आणि रोमन शिपायांनी त्याला अटक केली. पौलाच्या नावाच्या इफिसकरांस पत्रात दोन समाजांमधील 'आडभिंत' ख्रिस्ताने पाडली, असे म्हटले आहे. ती हाच कठडा, असे अनेक अभ्यासक मानतात, सर्वच नव्हे. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिरच जाळले, तेव्हा कठडा आणि पडदा दोन्ही गेले.

पुढे ख्रिस्ती लोकांनीच नवे आडोसे उभारले. मध्ययुगीन युरोपातील चर्चमध्ये वेदी आणि उपासक यांच्यामध्ये कोरीव जाळी आली. प्रभुभोजनाचा प्याला केवळ धर्मगुरूंनी घ्यावा, या प्रथेवर 1415 साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने शिक्कामोर्तब केले. बोहेमियात त्यावरून युद्धे पेटली.

1520 मध्ये मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून जी पुस्तिका लिहिली, तीत रोमच्या सत्तेने स्वतःभोवती तीन भिंती बांधल्याचा आरोप होता. पहिली भिंत धर्मगुरू हा सामान्यांहून वेगळा वर्ग मानण्याची. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, हे त्याचे उत्तर.

पाचच वर्षांनी जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्यांत लिहिले की, ख्रिस्ताने आपल्या रक्ताने धनगरापासून राजापर्यंत सर्वांना सोडवले, तेव्हा आम्ही कोणाचे दास नाही. ल्यूथरने ही मागणी साफ नाकारली, आणि बंड पसरताच बंडखोरांची कत्तल करण्यास सरदारांना सांगितले.