'झपाटलेला' परिपूर्ण आहे का?

गेल्या खेपेला ॲरिस्टॉटलवर बोलून आम्ही व्यासपीठावरून उतरलो, तेव्हा खोपोलीहून आलेल्या एका तरुणाने गाठलं. म्हणाला, "सर, त्या व्याख्येप्रमाणे 'झपाटलेला' परफेक्ट आहे की नाही?" आसपासचे हसले, आम्हीही हसलो. पण कर्जत लोकलमध्ये बसल्यावर हसू ओसरलं आणि प्रश्न तेवढा सोबत राहिला. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या भोळ्या लक्ष्याच्या हाती पडतो. मूळ कल्पना परकी, १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन भयपटावरून घेतलेली. म्हणजे मौलिकतेचे गुण इथेच गेले. गाणी गोष्टीला थांबवतात, काही विनोद आज शिळे वाटतात. निर्दोष असणं म्हणजेच परिपूर्ण असणं, असं मानलं तर व्याख्यान इथेच संपलं.

पण ॲरिस्टॉटल तसं मानत नाही. ज्याचा एकही भाग बाहेर राहिलेला नाही, ते पूर्ण. आपल्या जातीत ज्याच्या पुढे जाता येत नाही, तेही पूर्ण. तो तर परिपूर्ण चोर असंही म्हणता येतं असं सांगतो. तात्या विंचूला हे नक्की आवडलं असतं!

आता जात कोणती ते पाहू. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त सांगतो की हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस आहेत. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात हेच शिकवलं. 'झपाटलेला' मात्र दोघांना एकाच बाहुल्यात बसवतो. हे जमलं कसं?

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं. जिवंत माणूस यंत्रासारखा, कळसूत्री बाहुलीसारखा वागू लागला की हसू येतं, हे त्याचं म्हणणं. तात्या विंचू याच्या नेमका उलट आहे. इथे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, म्हणून भीती वाटते. आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे भीतीने स्वतःच बाहुलीसारखा ताठ होतो, म्हणून हसू येतं. बाहुला माणूस होतो, माणूस बाहुला होतो. दोन्ही रस एकाच क्रियेतून निघतात, मग भांडणार कसे?

उसनवारीचंही तसंच. अमेरिकन चित्रपटात सहा वर्षांच्या मुलावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लहान. आपल्याकडे लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण बाहुला बोलला तर तो बोलवणाऱ्याचाच आवाज, हे आपण गृहीत धरतो. य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावाने मराठी माणसाला ही सवय लावली. त्यांचेच पुत्र रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला हलता केला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. कल्पना बाहेरची खरी, पण तिने मूळ धरलं ते आपल्याच मातीत.

पुढे जाता येतं का, याची परीक्षा काळाने घेतली. बेर्डे २००४ साली गेले. २०१३ च्या जूनमध्ये दुसरा भाग आला, तोही त्रिमितीत. तंत्र वाढलं होतं, बाहुला तोच होता, पण त्याला घाबरणारा लक्ष्या नव्हता.

आता एक आठवण. नव्वदीत खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत. त्या अंगणात 'झपाटलेला' लागला, तेव्हा शेजारचा एक पोरगा पहिल्या रांगेत, मान एका बाजूला वळवून बसला होता. आदल्या वर्षी त्याला ताप भरला, तर घरच्यांनी आधी भगताकडे नेलं आणि मग दवाखान्यात. पोर वाचलं, पण एक कान कायमचा गेला. त्या रात्री सगळ्यात जास्त तोच हसला. दुसऱ्या दिवशी गल्लीत तोच मांत्रिक झाला, हातवारे करून पोरांना पळवू लागला. त्याची आजी मात्र ओरडली, "मंत्राशी खेळू नको रे!"

चित्रपटात मंत्र खरा ठरतो, हे आम्हाला तेव्हा खटकलं होतं, आजही खटकतं. पोराची भीती हसून थोडी सैल झाली, आजीची झाली नाही. दुसरा भाग आला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला.

तर खोपोलीच्या मित्रा, उत्तर असं. 'झपाटलेला' निर्दोष नाही, पण आपल्या जातीत परिपूर्ण आहे. हसवता हसवता घाबरवणं हे त्याचं काम, ते त्याने पुरं केलं. आजीची भीती घालवणं हे त्याचं काम नव्हतं. ते आमचं, शिकलेल्यांचं होतं. आम्ही ते अर्धवट सोडलं.