सायकल प्रौढांच्या हातीं कशी आली

व्यायामाशीं नातें तुटून वर्षें लोटलीं, अंगावर मांस चढलें, जिना चढतांना दम लागूं लागला, म्हणजे प्रौढ गृहस्थाला आपल्या पायांची आठवण होते. तालमीचें वय सरलेलें असतें, मैदानावर धांवण्याचा संकोच वाटतो. अशा वेळीं मन सायकलीकडे वळतें. पण लागलीच दोन शंका उभ्या राहतात. या वयांत पडल्यास काय होईल, आणि खर्च झेपेल काय? या शंका नव्या नाहींत. रस्त्यावर आज दिसणारी सायकल बव्हंशीं त्यांच्याच उत्तरांतून घडली आहे.

सन १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडांत जी दुचाकी प्रचारांत होती, ती प्रौढांसाठीं नव्हतीच. तिचें पुढचें चाक चार-पांच फूट उंच, तर मागचें अगदींच लहान. पायडलें पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलीं असत. त्यामुळें चाक जितकें मोठें, तितकें एका फेऱ्यांत तुटणारें अंतर अधिक. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर बसे, आणि वाटेंत धोंडा आडवा आला कीं डोक्यावर आदळे. हा खेळ धट्ट्याकट्ट्या, पैसेवाल्या तरुणांचा होता. वयस्कांसाठीं व स्त्रियांसाठीं तीनचाकी गाड्या निघाल्या. १८८१ सालीं खुद्द व्हिक्टोरिया राणीनें तशा दोन मागविल्या. परंतु ती गाडी जड, महाग आणि ठेवण्यास मोठी जागा मागणारी होती.

१८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ ही दुचाकी पुढें आणली आणि हा अडसर दूर झाला. तिचें मागचें चाक सांखळीनें फिरे. पायडलापाशीं मोठें दांतेरी चक्र आणि चाकापाशीं लहान, अशी योजना केल्यानें चाकाची उंची न वाढवितां वेग साधतां आला. बैठक खालीं आली, पाय जमिनीजवळ आले. पुढें बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेची धाव तयार केली, आणि हाडें खिळखिळीं करणारे धक्केही कमी झाले.

या सुधारणांचें मोल ओळखणारांत फ्रँक बोडेन हा एक होता. हाँगकाँगमध्यें भरपूर पैसा मिळवून तो परतला, पण प्रकृति गमावून. वैद्यकीय सल्ल्यावरून त्यानें सायकलीची कांस धरली व त्याची प्रकृति सुधारली. तेव्हां तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. नॉटिंगहॅमच्या रॅले रस्त्यावरील ज्या लहानशा कारखान्याची सायकल त्याला आवडली, त्यांतच त्यानें आपला पैसा घातला. आठवड्याला अवघ्या तीन सायकली काढणारा तो कारखाना १८९६ पर्यंत जगांतील सर्वांत मोठा सायकल-कारखाना गणला जाऊं लागला. पुढें महाराष्ट्रांतील घरोघर ज्या ‘रॅले’चें नांव कौतुकानें घेतलें गेलें, तिच्या मुळाशीं एका आजारी माणसाचा व्यायाम आहे.

अमेरिकेंतील दारूबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांची हकीकत तर अधिक बोलकी आहे. बालपणीं त्या शेतांत मोकळ्या हुंदडल्या. सोळाव्या वाढदिवशीं पायघोळ पोषाख अंगावर आला आणि तें हुंदडणें संपलें. आईच्या मृत्यूनें व अति श्रमानें खचलेल्या स्थितींत, ५३ वर्षांच्या असतां, त्या इंग्लंडांत सायकल शिकल्या. रोज सुमारें पाव तास, असे तीन महिने त्यांना लागले. पायडल मारणें, वळणें, उतरणें आणि चढणें, या क्रमानें त्यांनीं ती विद्या हस्तगत केली व १८९५ सालीं तीवर एक छोटें पुस्तकही लिहिलें. त्याच वर्षीं रशियांत लिओ टॉलस्टॉय वयाच्या ६७व्या वर्षीं सायकल शिकले. त्यांचा धाकटा मुलगा जाऊन तेव्हां फार दिवस झाले नव्हते. त्यांची सायकल मॉस्कोंतील त्यांच्या घरीं जपून ठेविली आहे.

पडण्याची भीति अशी ओसरली. किंमतीचा प्रश्न मात्र उरला होता. अमेरिकेंत चांगल्या सायकलीला १०० डॉलर पडत. सामान्य कामगाराची ती कित्येक आठवड्यांची कमाई. मग कारखाने वाढले, चढाओढ लागली, आणि माल गिऱ्हाइकांपेक्षां अधिक झाला. प्रसिद्ध ‘कोलंबिया’ सायकलीची किंमत १८९७ मध्यें १०० वरून ७५ डॉलरांवर आणणें भाग पडलें. हप्त्यानें विक्री सुरू झाली. दरसाल नवा नमुना घेणाऱ्या श्रीमंतांच्या जुन्या सायकली कमी उत्पन्नाच्या घरांत पोहोंचूं लागल्या. शौकिनांचा भर ओसरल्यावर कांहीं कारखाने बुडाले. पण सायकल स्वस्त झाली ती झालीच. पुढें तीन गतींचें चक्र बाजारांत आलें, आणि चढावावर दुबळ्या गुडघ्यांनाही आधार मिळाला.

महाराष्ट्रांत स्वस्ताईला आणखी एक वाट सांपडली. विसाव्या शतकांत पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे, आणि तेथें दुकानांत तासाच्या बोलीवर सायकल भाड्यानें मिळे. ज्याला विकत घेणें परवडत नसे, तोही थोडक्या पैशांत हात बसवून घेई. पुढें स्वयंचलित वाहनांच्या गर्दींत तीं दुकानें मागें पडलीं.

सायकल घेऊं पाहणाऱ्या प्रौढाला या इतिहासांतून पुष्कळ घेण्यासारखें आहे. त्याला शर्यतीच्या महागड्या यंत्राची गरज नाहीं. बैठकीवरून उतरतांना पाय सहज जमिनीस टेकावेत, दोन्ही ब्रेक खात्रीचे असावेत, चाकें सरळ फिरावींत, इतकें साधलें तर जुनी सायकलही पुरे होते. पहिल्या दिवशीं पाव तास पुरे. तीन महिन्यांची उसंत विलर्डबाईंनींही घेतली होती.