जुन्या गाडीचा नवा अवतार

सेनगांव हें हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. आगगाडीचा रूळ तेथवर पोंचलेला नाहीं. निजामाच्या अमदानींत, १९१२ सालीं, पूर्णेहून निघालेला लोहमार्ग हिंगोलीस येऊन थांबला. पुढें तो अकोल्याकडे वाढला, तेव्हांहि सेनगांव बाजूलाच राहिलें. बाजार, दवाखाना, कचेरी, सोयरीक, यात्रा, सारें कांहीं सडकेच्या भरंवशावर. अशा मुलखांत मोटार ही चैनीची वस्तु नव्हे. आणि जुनी झाली म्हणून टाकून देण्याची वस्तु तर नव्हेच नव्हे. जुनी गाडी विकत घ्यावी, तिचें इंजिन उघडावें, नाहींतर सबंध बदलावें, बॉडी नव्यानें बांधावी आणि तिला पुन्हां रस्त्यावर आणावें, हा उद्योग महाराष्ट्रांत मोटारीइतकाच जुना आहे.

अलीकडे या उद्योगास हौसेचें रूप आलें आहे. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९८३ सालाच्या अखेरीस एक कुटुंबवत्सल बंदिस्त गाडी बाजारांत आणली. तिला लोक मिनीव्हॅन म्हणूं लागले. १९८९ सालीं याच गाडींत १५० अश्वशक्तीचें टर्बोचार्जर असलेलें इंजिन मिळूं लागलें. मुलांना शाळेंत पोंचविण्याची ती शांत गाडी आज तेथील हौशी मंडळी शोधून विकत घेतात आणि तिला वेगवान बनविण्यांत सुट्ट्या खर्च करतात. आपल्याकडे या खटपटीमागें प्रथम हौस नव्हती, गरज होती. परंतु यंत्राचे नियम हौशीला एक आणि गरजेला दुसरे असे नसतात. म्हणूनच येथील गरजेचा इतिहास हौसेच्या कारागिरासहि उपयोगीं पडण्याजोगा आहे.

मोटारीच्या आरंभकाळीं परदेशांतून पुष्कळदां पुरी गाडी येतच नसे. येई ती नुसती चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन आणि खालीं चाकें. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, तेव्हां हा माल अधिक सुलभ झाला. वरची बॉडी मात्र येथलेच सुतार आणि लोहार चढवीत. काल-परवांपर्यंत टांगे, छकडे आणि दमण्या करणारा हात सागवानी चौकट उभारून तिला पत्रा ठोकूं लागला. जुन्या लोकांच्या तोंडीं असलेली 'सर्व्हिस मोटार' जन्मास आली ती अशी. तिच्यांत बांकें किती बसवावींत आणि टपावर बोजा किती चढवावा, हें बहुधा मालकाच्या लोभावर ठरे. सांगाडा किती भार सोशील, हा प्रश्न मागाहून, पाटा तुटल्यावर, सुचत असे.

या अव्यवस्थेस आळा घालण्याचे प्रयत्न सरकारी वाहतुकीच्या रूपानें झाले. हैदराबाद संस्थानांत १९३२ सालीं राज्याच्या रेल्वेखात्यानें २७ बसगाड्या घेऊन स्वतःची मोटारवाहतूक सुरू केली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हां त्याच संस्थानांत होता. मुंबई राज्यांत १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. गाडी बांधण्याचें काम पडवींतून निघून कर्मशाळेंत गेलें, आणि कारागिराच्या अंदाजाशेजारीं मोजमाप येऊन बसलें.

मधल्या काळांत महायुद्धानें एक विलक्षण धडा घालून दिला होता. १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि शेंकडों मोटारी जागच्या जागीं उभ्या राहण्याची वेळ आली. तेव्हां गाड्यांच्या पाठीशीं पत्र्याचें उंच पिंप बसविण्यांत येऊं लागलें. त्यांत लांकडी कोळसा बेताच्या हवेंत धुमसत ठेवावयाचा, आणि त्यांतून निघणारा वायु निववून व गाळून इंजिनांत सोडावयाचा, अशी ही योजना. या वायूंत जळणारा मुख्य घटक कार्बन मोनॉक्साइड, जोडीला थोडा हायड्रोजन. उरलेला निम्म्याच्या आसपास भाग म्हणजे नुसता नायट्रोजन, ज्याचा जळण्याशीं कांहीं संबंध नाहीं. त्यामुळें इंजिनाची शक्ति एकतृतीयांशानें, कधीं त्याहूनहि अधिक घटे. सकाळीं भट्टी पेटवून गाडी चालती करण्यास बराच वेळ मोडे आणि चढ लागला कीं उतारूंना पायउतार व्हावें लागे. गाळणी नीट नसली तर राखेचे कण सिलिंडरमध्यें जाऊन त्याच्या भिंती खरवडीत. आणि तोच वायु बंद जागेंत कोंडला तर, रंग नाहीं, वास नाहीं, असा तो माणसाचा प्राणहि घेई. गाडी चालती राहिली, पण इंधन बदलल्याची किंमत दुसऱ्याच अवयवांना मोजावी लागली.

युद्ध संपल्यावर लष्कराचा डिस्पोजलचा माल बाजारांत आला. १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईस विलीज जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. जीपचा सांगाडा भक्कम, रचना साधी. म्हणून ती गॅरेजमधील मिस्त्र्यांची लाडकी पाठशाळा झाली. मराठवाड्याच्या सडकांवर पुढें जी 'काळी-पिवळी' दिसूं लागली, ती याच कुळांतील.

परंतु मिनीव्हॅनशीं ज्या देशी गाडीचें जवळचें नातें लागतें, ती म्हणजे मॅटाडोर. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानें १९५८ सालीं बजाज टेम्पो कंपनी निघाली. तिचें सहकार्य जर्मनीच्या हॅम्बुर्ग भागांतील टेम्पो कारखान्याशीं होतें. तीनचाकी टेम्पोमागोमाग १९६९ सालापासून मॅटाडोर आली. डिझेलवर चालणारी, बसकी, पोटांत भरपूर जागा असलेली. ती इतकी सर्वत्र झाली कीं 'टेम्पो' आणि 'मॅटाडोर' हीं कारखान्याचीं नांवें मराठींत सामान्यनामें होऊन बसलीं. लग्नाचें वऱ्हाड, भाजीचीं पोतीं, शाळेचीं मुलें आणि रुग्णवाहिकेंतील आजारी, सर्वांना तिनें वाहिलें. १९८० च्या दशकांत त्याच कंपनीनें मर्सिडीजचें ओ. एम. ६१६ हें चार सिलिंडरांचें, २.४ लिटरचें डिझेल इंजिन परवान्यानें घेतलें आणि मॅटाडोरमध्यें बसविलें. जुना देह आणि नवें हृदय हा गॅरेजमधील खेळ येथें खुद्द कारखान्यानें खेळला. कंपनीचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स झालें. मर्सिडीजच्या त्या जुन्या घराण्यांतूनच निघालेलीं टर्बोचार्जर लावलेलीं इंजिनें पुढें तिच्या गाड्यांत आलीं.

मॅटाडोरच्या इंजिनानें दुसराहि एक प्रवास केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें, आणि अँबॅसडर गाडीचें पेट्रोल इंजिन काढून तेथें मॅटाडोरचें डिझेल इंजिन बसविण्याची लाट आली. खर्च वांचला खरा. पण डिझेल इंजिन वजनदार असल्यामुळें पुढचे पाटे दबत आणि त्याच्या थरथराटानें सांगाड्याचे सांधे सैल होत. अवयव एक बदलला, हिशेब साऱ्यांनीं मागितला.

आतां टर्बोचार्जर म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरवीं वायां जातो. त्याच्या वाटेवर एक फिरकी ठेवली आणि तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास हवा दाबणारी फिरकी जोडली, तर इंजिनाला अधिक हवा मिळते, अधिक इंधन जळतें आणि त्याच आकारांतून अधिक शक्ति निघते. लहान गाडींतील हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. डिझेलच्या धुराची उष्णता ६०० ते ७०० अंशांवर जाते. म्हणून दूर पल्ला मारून आल्यावर जाणता चालक इंजिन लगेच बंद करीत नाहीं. मिनिटभर सावकाश चालूं देतो. नाहींतर थांबलेलें तेल त्या उष्णतेनें करपतें आणि दांड्याचें बेअरिंग खातें.

मर्सिडीजनें १९७८ सालीं ओ. एम. ६१६ च्याच पांच सिलिंडरांच्या भावंडाला टर्बोचार्जर जोडला, तेव्हां शक्ति ८० अश्वशक्तीवरून ११५ वर गेली. पण कारखान्यानें केवळ फिरकी लावून गाडी विकली नाहीं. पिस्टनच्या तळावर तेलाची धार सोडण्याची सोय केली, धुराच्या झडपांत उष्णता वाहून नेणारें सोडियम भरलें, क्रँकदांडाहि अधिक कणखर केला. भंगारांतून आणलेला टर्बो जुन्या इंजिनाला बोल्टांनीं आंवळणारा मिस्त्री नेमकी हीच बाब विसरतो. पहिल्या आठवड्यांत गाडी वाऱ्यासारखी धांवते. कांहीं महिन्यांत हेड गॅस्केट फुटतें, नाहींतर पिस्टन वितळतो.

म्हणून जुनी गाडी घेतांना अनुभवी मिस्त्री रंगाकडे प्रथम पाहत नाहीं. तो हातोडीनें चासी ठोकून गंजाचा आवाज ऐकतो. इंजिन तापवून धूर पाहतो. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त. निळा असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. गरम झाल्यावरहि पांढराच राहिला तर पाणी आंत झिरपत असावें. टर्बोची नळी काढून तो दांडा बोटांनीं हालवितो. आडवा किंचित् हालला तर चालेल. मागेंपुढें सरकूं लागला अथवा पातीं कवचाला घासूं लागलीं, तर सौदा तेथेंच संपला. शेवटीं इंजिनाचा व चासीचा क्रमांक आर. सी. बुकाशीं ताडून पाहतो.

खरेदीनंतर कामाचा क्रमहि त्याच शहाणपणाचा असावा लागतो. आधीं ब्रेक, पाटे आणि स्टिअरिंग, मग रेडिएटर, आणि सर्वांत शेवटीं शक्ति. यामागें साधें गणित आहे. वेग ताशीं ६० किलोमीटरवरून ८० झाला, तर तो एकतृतीयांशानेंच वाढला. पण ब्रेकला गिळावी लागणारी शक्ति पाऊणपटीहून अधिक वाढते. त्यांतून व्हॅनसारखी उंच गाडी, आंत माणसें भरलेलीं आणि वळण अरुंद. अशा गाडींत चूक मिस्त्री करतो, आणि तिचें फळ आंत बसलेल्यांना भोगावें लागतें.

कायद्याचा या बाबतींतील प्रवास याच भीतींतून झाला आहे. १९३९ च्या मोटार कायद्यांत बदल करणाऱ्या मालकानें अधिकाऱ्यास कळवून संमति घ्यावी, अशी अपेक्षा होती. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांतहि संमतीची वाट होती. २००० सालच्या दुरुस्तीनें ती वाट अरुंद केली. कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशीलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करतां येणार नाहीं, असें ठरलें. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ पक्का केला. निराळ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठीं करावयाच्या बदलाला अटींसह मोकळीक आहे; इतर बेकायदा बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

या कडक नियमाचा आणि कारागिरीचा सामना देवराष्ट्रें येथें साऱ्या देशानें पाहिला. सांगली जिल्ह्यांतील हें गांव यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील सुटे भाग जमवून सुमारें साठ हजार रुपयांत एक चिमुकली जीपगाडी तयार केली. ती दुचाकीप्रमाणें पायानें किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्यें तिची चित्रफीत सर्वत्र गेली. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं कौतुक तर केलेंच, पण ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी ती आज ना उद्यां थांबवतील हेंहि स्पष्ट सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारांत उभी राहिली. प्रसंग गोड झाला. परंतु त्यांत एक प्रश्न उरलाच. ज्या कारागिराकडे कोणा उद्योगपतीचें लक्ष जाणार नाहीं, त्यानें आपली विद्या कोठें तपासून घ्यावी?

जर्मनींत गाडीमध्यें केलेला बदल मान्यताप्राप्त तपासनीस पाहतात, आणि तो योग्य ठरला तर गाडीच्या कागदांत नोंदवितात. ब्रिटनमध्यें घरीं बांधलेली एकुलती गाडीहि परीक्षेला बसूं शकते. आपल्याकडे पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही मोठी परीक्षणसंस्था आहे. पण तिच्या परीक्षा मुख्यतः कारखान्यांच्या नमुन्यांसाठीं असतात. गांवच्या मिस्त्र्यापुढें आज दोनच वाटा राहतात. एक तर हात आंवरावा, नाहींतर लपून काम करावें. लपून केलेल्या कामाला तपासणी नसते, आणि तपासणीवांचून केलेल्या कामावर बसणाऱ्यांचे प्राण टांगलेले असतात.

सागवानी बॉडी चढविणारा सुतार, कोळशाची भट्टी बसविणारा फिटर, मॅटाडोरचें इंजिन अँबॅसडरमध्यें उतरविणारा मिस्त्री आणि आज टर्बोची व्हॅन सजविणारा तरुण यांचें कुळ एक आहे. प्रत्येक पिढीनें जुन्या लोखंडांतून नवा उपयोग काढला, आणि शक्ति वाढवितांना जिनें भार सोसणाऱ्या अवयवांचा विचार केला नाहीं, तिनें त्याची भरपाई केली. सेनगांवासारख्या ठिकाणीं, जेथें सडकेवांचून दुसरा आधार नाहीं, तेथें ही विद्या जगली पाहिजे. ती जगण्यासाठीं मिस्त्र्यानें शक्तीच्या आधीं ब्रेकचा विचार करावा, आणि शासनानें त्याच्या कामाला उजेडांत परीक्षा देण्याची वाट मोकळी करावी.