लांकडी पेटी आणि हाताचें शिक्षण

लहानशा लांकडी पेटीला इतिहास तो कसला असावयाचा, असें कित्येक श्रोत्यांच्या मनांत येईल. राज्यें आणि लढाया यांच्यापुढें ही वस्तु क्षुल्लक खरी. परंतु ती कोणीं करावी आणि तिचें करणें कोणाला शिकवावें, या प्रश्नाचीं उत्तरें समाजानें वेळोवेळीं निरनिराळीं दिलीं आहेत. आणि त्या उत्तरांचा एक धागा पेण-रोह्याच्या मुलखापर्यंत येऊन पोंचतो.

जुन्या महाराष्ट्रीय घरांत पेट्यांना तोटा नव्हता. आरसा, फणी, मेण व कुंकू यांची फणेरपेटी, स्वयंपाकघरांतील हळदतिखटाचा चौफुला, लिहिणाराचें कलमदान, हीं सारीं सुताराच्या हातचीं. पूर्वींचा कुलाबा जिल्हा, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, तो तर सागाचाच मुलूख. पेण भोगावतीच्या कांठीं आणि रोहें कुंडलिकेच्या. सह्याद्रीच्या उतरणीवरील माल खाडीच्या वाटेनें बाहेर पडे. या लांकडाची किंमत राज्यकर्ते जाणून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे सुमारें १७१५ सालीं, आरमारासाठीं साग कसा तोडावा याचे नियम घालून दिले आहेत. आंबा व फणस यांना मात्र हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात, असें बजावलें आहे.

गलबताला जो साग लागे तोच पेटीलाही उत्तम. त्याच्या अंगीं तेल असतें व कोंकणच्या पावसांतही तो फारसा फुगत नाहीं. लांकूड दमट हवेनें फुगतें तें रुंदीला, लांबीला जवळजवळ नाहीं; म्हणून चारी फळ्यांच्या शिरा पेटीभोंवतीं एकाच दिशेनें फिरल्या पाहिजेत, नाहींतर आषाढांत झांकण अडकतें आणि वैशाखांत तळ फाटतो. हें ज्ञान कोणत्याही पोथींत नव्हतें. सुताराचा मुलगा बापाशेजारीं बसून तें उचली. सुतार हा गांवचा बलुतेदार. त्याला मोबदला धान्यांत मिळे आणि विद्या घराण्यांतून. या व्यवस्थेनें कसब टिकलें, परंतु तें कोंडलेंही गेलें. लेखणीवाल्याच्या मुलानें पटाशी धरावयाची नाहीं आणि पटाशीवाल्याच्या मुलाला अक्षर मिळावयाचें नाहीं, अशी ही वांटणी होती. तींत एकाला भूमिति केवळ पाठ आली, दुसऱ्याला ती हातांत असून तिचें नांव ठाऊक नव्हतें.

अशीच वांटणी युरोपांतही होती. ती मोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न उत्तरेकडील देशांत झाला. फिनलंडमध्यें उनो सिग्नेयस यांच्या प्रेरणेनें १८६६ सालीं प्राथमिक शाळांत हस्तकाम आवश्यक झालें. पुढें स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमन यांनीं त्याचें शास्त्र बनविलें आणि तें शिकण्यास देशोदेशींचे शिक्षक तेथें जाऊं लागले. सोप्या वस्तूपासून आरंभ करून क्रमानें अवघड वस्तूकडे जावें, वस्तु घरांत उपयोगी पडणारी असावी, आणि हेतु सुतार घडविण्याचा नसून माणूस घडविण्याचा असावा, हीं त्यांचीं सूत्रें होत.

या दृष्टीनें पेटीसारखा गुरु नाहीं. पाट किंचित् तिरपा झाला तरी खपतो. पेटींत समोरासमोरच्या फळ्या केसभर कमीजास्त झाल्या कीं चौथा कोपरा जुळतच नाहीं. जोडणी होतांच दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले म्हणजे भूमितीचा सिद्धान्त हाताला पटतो. फळीचें टोंक सरसानें नीट धरत नाहीं, कारण तेथें लांकडाच्या नळ्या उघड्या असून त्या सरस पिऊन टाकतात; म्हणून आधीं खांच पाडून फळी तींत बसवावी आणि हात बसल्यावर कबुतराच्या शेपटीसारखे दांत एकमेकांत गुंतवावे. निराळें केलेलें झांकण नवशिक्याला क्वचितच जमतें. त्यावर कारागिरांची युक्ति अशी कीं, पेटी सहाही बाजूंनीं बंद करावी आणि मग करवतीनें वरचा भाग कापून काढावा; दोन्ही कडा आपोआप जुळतात.

आपल्याकडे हा विचार राष्ट्रीय प्रश्न म्हणून मांडला गेला तो वर्धा येथें, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं. गांधीजींच्या अध्यक्षतेखालील त्या परिषदेनें डॉ. झाकिर हुसेन यांची समिति नेमली. तींत पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं जन्मलेले विनोबा भावे हेही होते. समितीनें सात वर्षांचें मातृभाषेंतील शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफावें असें सुचविलें, आणि त्या व्यवसायांत सूतकताईबरोबर सुतारकामही घातलें.

मात्र नेस आणि वर्धा यांत एक मोठा फरक होता. नेसच्या पद्धतींत वस्तु मुलाची असे व ती घरीं जाई. वर्ध्याच्या योजनेंत मालाच्या विक्रींतून शिक्षकाचें वेतन निघावें अशी अपेक्षा होती. गरीब देशाला तिचें आकर्षण वाटणें स्वाभाविक होतें. पण विक्रीसाठीं पेटी करावयाची म्हटली कीं चुकण्याला जागा उरत नाहीं, आणि नवशिक्याचें शिकणें तर चुकण्यांतच असतें. शाळेचा कारखाना होईल हा आक्षेप त्याच वेळीं निघाला, व तो निराधार नव्हता. दुसरीकडे, हें शिक्षण खेड्यांतल्या मुलांसाठीं, आपल्या मुलांसाठीं नव्हे, अशी शहरांतील सुशिक्षितांची समजूत राहिली. ती अधिक घातक ठरली, कारण जुनी वांटणी तिनें नव्या नांवानें चालू ठेवली. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. वेळापत्रकांत त्याला तास मिळाला, प्रतिष्ठा मिळाली नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ जाऊन शिकावें असें म्हटलें आहे. दहा दिवसांत कोणी सुतार होत नाहीं. परंतु एक वांकडी पेटी खास होते. ती विकण्याजोगी नसेल. मुलानें ती घरीं आणिली म्हणजे वडील मंडळींनीं हंसूं नये, तींत एखादी नित्याची वस्तु ठेवावी; आणि ज्यानें ती शिकविली त्या सुताराला मुलानें गुरुजी म्हणावें. योजनेनें जें साधलें नाहीं, तें घराघरांतून साधावयाचें आहे.