आधी आकडा, मग निकाल

डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल भाषेची पहिली आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा तिच्यासोबत चाचण्याही होत्या. चाचणी चालवली की पडद्यावर आधी ‘१..४’ अशी ओळ उमटे, म्हणजे चार तपासण्या व्हायच्या आहेत. मग एकेका ओळीत ‘ओके १’, ‘ओके २’, फसली तर ‘नॉट ओके ३’. हीच रीत पुढे ‘टॅप’ नावाने रूढ झाली. अहवाल वाचनीय कशामुळे झाले, असा प्रश्न आला की रंगीत तक्ते आठवतात. माझ्या मते खरा शोध त्या पहिल्या ओळीचा आहे. हजेरीपटावर नावे आधीच लिहिलेली असतात, म्हणून गैरहजर मूल कळते. वर्गात बसलेली डोकी मोजून ते कळत नाही.

१९९७ मध्ये केंट बेक आणि एरिख गॅमा यांनी विमानप्रवासात जेयुनिट हे जावाचे चाचणी-साधन लिहायला घेतले आणि हिरव्या-लाल पट्टीची सवय लागली. अँट या साधनाने त्याचे निकाल एक्सएमएलमध्ये लिहिले, त्यावरून एचटीएमएल पानेही काढली. जेनकिन्सपासून एपीआय तपासणाऱ्या पोस्टमनच्या न्यूमनपर्यंत सगळ्यांनी हाच साचा उचलला. त्यामुळे एका साधनाचा निकाल दुसऱ्याला वाचता येऊ लागला, ही सोय मोठीच. पण त्यातला चाचण्यांचा आकडा काम उरकल्यावर मोजलेला असतो. एपीआयच्या बाबतीत हे फार महागात पडते. समजा, ऑर्डरींची यादी मागवली आणि यादीतल्या प्रत्येक ऑर्डरची रक्कम तपासायची आहे. सर्व्हरने २०० हा ‘सगळे ठीक’चा कोड आणि रिकामी यादी पाठवली, तर तपासणीचे चक्र एकदाही फिरत नाही. न्यूमनच्या तक्त्यात त्या तपासण्यांपुढे केलेल्या शून्य, फसलेल्या शून्य. अहवाल हिरवा, आणि ऑर्डरी गायब!

आकडा आधी लिहिणे जाचक आहे, हा आक्षेप खोटा नाही. दोघांनी आपापल्या शाखेत एकेक चाचणी वाढवली की त्या आकड्यावरून भांडण होतेच. म्हणून पर्लवाल्यांनीच पुढे ‘डन टेस्टिंग’ आणले: आकडा शेवटी छापा. तरी त्यातून निदान एवढे सिद्ध होते की प्रोग्राम मध्येच कोसळला नाही, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचला. रिकाम्या यादीवर मात्र त्याचा इलाज चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की जेनकिन्सच्या आलेखात चाचण्यांची घटलेली संख्या दिसतेच. दिसते, पण बघणाऱ्याला. आणि चाचणीच्या पोटातली तपासणी गळाली तर तिथेही संख्या तेवढीच राहते. नवी आवृत्ती पुढे सोडायची की अडवायची, हे तर बहुतेक ठिकाणी एक्झिट कोड ठरवतो, आणि काहीच फसले नाही तर तो शून्यच असतो. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये आता चाचणीच्या सुरुवातीलाच ‘इथे तीन तपासण्या व्हायलाच हव्यात’ असे लिहून ठेवता येते. दोनच झाल्या, तर चाचणी नापास.