शिकणाऱ्याच्या हातीं कोणतें तंतुवाद्य?

सतारीच्या कुळांतील सुरबहार हें वाद्य कसें जन्मास आलें, याची एक कथा बीनकारांच्या परंपरेंत सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उमरावखां नांवाचे थोर बीनकार होऊन गेले. गुलाम महंमद हा त्यांचा शिष्य गुणी खरा. परंतु तो घराण्याच्या रक्ताचा नव्हता, आणि बीन घराण्याबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, असा तर कुलाचार. तेव्हां गुरूनें सतारीच्याच घाटाचें, पण रुंद दांडीचें व जाड तारांचें एक मोठें वाद्य त्याच्या हातीं दिलें आणि बीनेवरील आलाप त्यावर शिकविला. कथेंतील तपशिलाचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तिच्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शिष्यानें कोणतें वाद्य धरावें, हें त्या काळीं त्याचीं बोटें पाहून ठरत नसे. त्याचें कूळ पाहून ठरत असे.

हा प्रश्न शिकणाऱ्याच्या कुवतीचा म्हणून पुढें आला, तो संगीताच्या शाळा निघाल्यावर. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला; बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ सालीं सुरू झाली; आणि ५ मे १९०१ रोजीं विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. वर्षानुवर्षें गुरूच्या घरीं राहून सेवा करणारा शिष्य मागें पडला, आणि आठवड्यांतून दोनतीन वेळां येऊन तासाभरानें घरीं जाणारा विद्यार्थी त्याच्या जागीं आला. वाद्य आतां गुरु देईना, तें बापानें दुकानांतून आणावयाचें; आणि दुकानांत बापाची दृष्टि बहुधा प्रथम नक्षीकामावर जाते!

सतारीचेंच पाहा. जुनी सादी सतार तरफांवांचून असे. एकोणिसाव्या शतकांत पडद्यांखालून तरफांच्या तारा आल्या. त्या सामान्यतः अकरा ते तेरा असतात. जुळलेल्या असतील तर त्या आपोआप झंकारतात व नाद भरदार होतो. परंतु बेसूर राहिल्या तर तोच झंकार स्वर गढूळ करतो. ज्याचा कान अद्याप षड्ज-पंचमाचा मेळ ओळखीत नाहीं, त्यानें मुख्य सहासात तारा जुळवाव्या कीं या तेरा? शिकवणीचा अर्धा तास खुंट्या पिळण्यांतच जातो, आणि मुलाचा उत्साह त्याबरोबर ओसरतो. सादी सतार नवशिक्याला अधिक उपकारक, हें उघड आहे; तरी ती गरिबाची म्हणून मागें पडली, हें दुर्दैव होय. तरफांपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट तारांच्या उंचीची. दांडी किंचित् वांकली असेल तर तारा पडद्यांपासून दूर राहतात, बोट कापूं लागतें, आणि एकाच पडद्यावर तार ओढून मींड काढणें तर कोवळ्या बोटांना अशक्यच. खुंटी ढिली नसणें, दांडी सरळ असणें, घोडीची जवारी साफ असणें, हीं तीन पाहिलीं म्हणजे नक्षी नसली तरी चालते.

गजाच्या वाद्यांत हा भेद अधिकच तीव्र आहे. सारंगीला तांतीच्या तीन मुख्य तारा व त्यांखालीं तीसपस्तीस तरफा. पडदे मुळींच नाहींत. तार बोटाच्या टोंकानें दाबावयाची नसून नखाच्या मुळानें बाजूनें अडवावयाची. स्वराची जागा दाखविणारें कांहींच नसल्यामुळें सारा भार कानावर पडतो. मानवी कंठाच्या इतकें जवळ जाणारें वाद्य दुसरें नाहीं, पण तें बालपणापासून घेतलें तरच वश होतें. शिवाय कलावंतिणींच्या मैफलीशीं तिचें नांव जोडलें गेल्यामुळें पांढरपेशा घरांनीं तिला उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं. दिलरुब्यानें ही अडचण सोडविली. त्याला गज सारंगीसारखा, पण दांडी सतारीसारखी व तीवर पडदे; म्हणून स्वराची जागा डोळ्यांस दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबई-पुण्याच्या घरांत दिलरुबा शिरला, तो या सोयीमुळें. सारंगीची सर त्यास येत नाहीं हें खरें. पण जें वाद्य वाजतच नाहीं त्यापेक्षां तें बरें!

याहून सोपी म्हणून हार्मोनियम आली आणि घरोघर बसली. तिच्या ठरीव स्वरांत मींड नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाहीं, या आक्षेपावरून नभोवाणीनें १९४० सालीं तिला बंदी केली; ती १९७१ सालीं अंशतः उठली. मधल्या काळांत साथीला सारंगी व दिलरुबा वाजविणारांस मागणी राहिली.

तंबोऱ्याची गोष्ट निराळी. तेथें वादकाचें कौशल्य नव्हे, गाणाराचा गळा पाहावा लागतो. मिरजेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयानें, या धंद्याचा पाया घातला. तरवारींची मागणी आटली होती. हातांतील कसब लांकडाकडे वळलें. तुणीचें लांकूड आणि पंढरपूर भागांतील भोपळा यांवर तेथील वाद्यांची कीर्ति उभी आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याची मागणी घेतांना प्रथम विचारावयाचें तें गाणाराची पट्टी. काळी एकच्या सुमारास गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा सुमारें पांच फूट लांब. काळी चार-पांचवर गाणाऱ्या स्त्रीचा फूटभर आंखूड, व तारा अधिक बारीक. मोठ्या तंबोऱ्याच्या तारा वरच्या पट्टींत चढविल्या तर त्या तुटतात, आणि लहानाच्या उतरविल्या तर त्या सैल पडून नाद मरतो. दहा वर्षांच्या मुलास बापाच्या मापाचा तंबोरा घेऊन देणारे पालक ही गोष्ट विसरतात. मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षीं फुटतो. तोंवर त्यास जनानी तंबोराच योग्य. पुढें आवाज उतरला कीं तो घरांतील मुलीच्या कामीं येतो.