विश्रामबागेतले कारकून

आमच्या आजोबांच्या तोंडी विश्रामबाग वाडा आला की पाठोपाठ घरपट्टी यायची. पेशवे नंतर, वेळ उरला तर. १९३० पासून जवळपास तीस वर्षं पुणे नगरपालिकेची कचेरी त्या वाड्यात होती आणि आजोबा तिथे कारकून. कोरीव महिरपींखाली टेबलं, सुरूच्या खांबांना टेकवलेली लाल फडक्यातली दप्तरं आणि समोर नळजोडाचा अर्ज घेऊन ताटकळलेला एखादा कसब्यातला गृहस्थ. ‘बाजीरावाच्या वाड्यात बसून आम्ही थकबाकी वसूल केली,’ हे ते अशा थाटात सांगत, जणू खडकीची लढाई त्यांनीच मारली होती!

वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा. बांधायला सहा वर्षं आणि दोन लाख रुपये लागले. नारायणरावाचा खून झालेल्या शनिवारवाड्यात त्याला झोप लागत नसे, म्हणून हा बांधला, असं आजी सांगायची. पुरावा विचारला की ती भाजी निवडायला बसायची. १८१७ साली खडकीला हरल्यावर बाजीराव पुण्यातून निघाला तो परतलाच नाही. विश्रांतीसाठी बांधलेल्या वाड्याला मग विश्रांती कसली? १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच.

मे १८७९ ची आग आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली. त्या रात्री बुधवारवाडा जळून खाक झाला आणि विश्रामबागेची पूर्वेकडची दर्शनी बाजू गेली. आग वासुदेव बळवंत फडक्यांच्या माणसांनी लावली, असं आमच्या घरात छातीठोकपणे सांगत. त्यांचं बंड तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे सरकारलाही आधी तोच संशय आला. प्रत्यक्षात दोषी निघाला रानडे आडनावाचा एक माणूस. आजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. जळालेली बाजू पुढे लोकवर्गणीतून उभी राहिली. आज बाजीराव रस्त्यावरून जी सागवानी मेघडंबरी आपण मान वर करून पाहतो, तिच्यामागे पुणेकरांचा पैसा आहे.

१९५० साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हाही कारभार इथेच होता. पुढे तो शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेला. पेशव्यांवर ग्रंथ निघाले, या कारकुनांवर साधी पुस्तिका नाही. तुमच्या घरात त्या काळातलं कुणी असेल, तर त्यांना आजच विचारा आणि जे सांगतील ते लिहून ठेवा, दंतकथांसकट.